काळजी करणं आणि काळजी घेणं

काळजी हा आपल्या बायकांचा जोडधंदाच आहे. घरातलं काम, नोकरी, मुलांचा अभ्यास, येणं-जाणं हे सगळं चालू असताना आतल्या आत हा बिनभांडवली धंदा अखंड सुरू असतो. नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला की काळजी, मुलीचा फोन लागला नाही की काळजी. सासूबाईंची शुगर, बारावीचा निकाल, पावसाळ्यात रुळांवर साचणारं पाणी, काहीही चालतं. घरोघरी फोन नव्हते तेव्हा वाटायचं, फोन असता तर जीव असा टांगणीला लागला नसता. आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे आणि समोरच्यानं दोनदा उचलला नाही तर घाम फुटतो! २६ जुलै २००५ ची रात्र आमच्या कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी बायकांनी खिडकीपाशी उभं राहून काढली. पाणी दोन-चार दिवसांत ओसरलं. पण ढग दाटून आले की पोटात गोळा येणं काही अजून गेलेलं नाही.

मी डोंबिवलीत बायकांच्या बचत गटाचं काम करते. महिन्याच्या बैठकीत हिशेबाला अर्धा तास लागतो आणि काळज्या ऐकायला दीड तास! त्या ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या मराठीत काळजी हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. पहिलीत माणूस नुसता बसून झुरतो. दुसरीत उठून कामाला लागतो. पण दिवसभर पहिली करून करून आपण इतक्या थकतो, की दुसरीसाठी अंगात बळच उरत नाही.

या दोन काळज्या वेगळ्या कशा ठेवायच्या, हे आयुष्यभर जगून दाखवणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्या आपल्याला दोन-चार ओळींत भेटतात. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनच्या संस्थापिका, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही तिसरी गोष्ट आली की आपल्याकडे बोलणं एकतर थांबतं, नाहीतर वादाकडे वळतं. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो. पण एका बाईनं श्रद्धेच्या आणि प्रार्थनेच्या बळावर एवढा मोठा डोंगर कसा पेलला, हे समजून घ्यायला आपला देव कुठला हे आड येऊ नये, असं मला वाटतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. आज तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा त्यांनी त्या काळात केला, लोक विरोधात गेले, म्हणून त्यांनी रानात आश्रम मांडला. पुढे हातात काही उरलं नाही आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. या गावाहून त्या गावाला, पुराणं सांगत. छोट्या रमेला आई लक्ष्मीबाई पहाटे उठवून संस्कृत शिकवायची. रमेची शाळा ती एवढीच, पण हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असतील, तेव्हा दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते सगळं व्रतांत, दानधर्मात आणि देवस्थानांत आधीच खर्चून झालं होतं. मोलमजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. सगळं काही महिन्यांच्या आत. उरले रमाबाई आणि मोठे भाऊ श्रीनिवास.

ही दोन भावंडं पुढे कित्येक वर्षं हिंदुस्थानभर पायी हिंडली. दक्षिणेकडून थेट काश्मीरच्या दिशेपर्यंत. अंगावर धड कपडा नाही, पायांत वहाण नाही. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत आडवे झाले आणि अंगावर वाळूच ओढून घेतली! आपण मुलाचा स्वेटर घरी राहिला तर शाळेच्या गेटपर्यंत धावतो. या बाईनं पांघरूण म्हणून वाळू घेतली.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. जरा बरे दिवस आले असं वाटतंय तोवर १८८० मध्ये श्रीनिवास आजारी पडले. स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्यांना एकच घोर होता. आपल्यामागे या एकट्या बहिणीचं काय होणार? रमाबाईंनी त्यांना सांगितलं, की तुम्हाला आणि मला सांभाळणारा देवाशिवाय दुसरा आहेच कोण? ते ऐकून भाऊ शांत झाले. देव सांभाळणार असेल तर आपल्याला कशाची भीती नाही, असं म्हणाले, आणि गेले. हे सगळं रमाबाईंनी नंतर आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्या वेळी त्यांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नव्हता, आणि जुन्या व्रतवैकल्यांवरचा विश्वासही उडत चालला होता. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या भावाची काळजी हलकी करायला त्यांच्याजवळ जे होतं, ते हेच.

भाऊ गेल्यावर त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ साली मनोरमा झाली. आसामातल्या सिल्चरला छोटासा संसार होता. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं, ते त्यांनी वाचलं. आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला कॉलऱ्यानं नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पदरी दहा महिन्यांची मुलगी आणि वय तेवीस. माहेर नाही, सासर नाही. काळजी करायची म्हटलं तर या बाईला जन्म पुरला नसता.

त्या पुण्याला आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारी शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे साक्ष देताना बायकांना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हवेत, हे ठासून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं मनात होतं. पुस्तकाचे पैसे गाठीला बांधून १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पण तिथे गेल्यावर वेगळंच दुखणं पुढे आलं. कानांनी नीट ऐकू येईना. डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच संपलं. सोबत गेलेल्या मैत्रिणीचाही परक्या मुलखात करुण अंत झाला.

इंग्लंडमध्ये वाँटेज इथे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. लंडनमध्ये या जोगिणी वाट चुकलेल्या, समाजानं टाकून दिलेल्या बायकांना जवळ घेऊन माणसात आणत होत्या. ते काम पाहून रमाबाई हलून गेल्या. अशा बाईला पुन्हा उभं करण्यासाठी झटणारी माणसं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मायलेकींचा बाप्तिस्मा करून घेतला. इकडे पुण्यात काहूर माजलं. कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांनी पाठ फिरवली.

इथे आपल्या कल्याणच्या माणसांना एक ओळखीचा चेहरा भेटतो. डॉ. आनंदीबाई जोशी, कल्याणात १८६५ साली जन्मलेली आपली आनंदी. ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होती आणि रमाबाई तिच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीला पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा पाहायला रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. एक बाई हिंदूच राहून डॉक्टर झाली, दुसरी ख्रिस्ती झाली, पण दोघी एकमेकींचं कौतुक करायला चुकल्या नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं. दुर्दैव असं, की आनंदी मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, एकविसाव्या वर्षीच गेली.

रमाबाई अमेरिकेत थांबल्या. गावोगाव भाषणं केली, बालविधवांची दैना सांगणारं पुस्तक १८८७ मध्ये इंग्रजीत लिहिलं. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि त्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. मग रमाबाई मुंबईला आल्या आणि ११ मार्च १८८९ ला चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तारीख पाहिलीत ना? आनंदीच्या पदवीला त्याच दिवशी तीन वर्षं झाली होती. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या.

आता जरा प्रार्थनेकडे वळू. रमाबाईंना बाप्तिस्मा घेतल्याबरोबर शांती मिळाली असं झालं नाही. धर्म मिळाला तरी जिवाला स्वस्थता नव्हती, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहून ठेवलंय. आठेक वर्षं अशी तगमगीत गेली. १८९१ च्या सुमारास वाचन-मनन करता करता त्यांना मनोमन उमगलं, की आपण आहोत तशा, सगळ्या उणिवांसकट देवानं आपल्याला जवळ केलंय. त्याला काही देऊन विकत घ्यायचं नाहीये. लहानपणी सगळं घर व्रतांपायी आणि दानापायी रिकामं झालेलं ज्या मुलीनं पाहिलं, तिला ही गोष्ट केवढी मोठी वाटली असेल! तिथून पुढे त्यांची प्रार्थना बदलली. भिऊन केलेली विनवणी गेली. घरातल्या वडीलधाऱ्यापाशी जाऊन मोकळं व्हावं, तसं त्या बोलू लागल्या.

आणि या प्रार्थनेपायीच पुढचं संकट आलं. शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला हलवलं होतं. तिथे धर्माची सक्ती नव्हती, पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसायच्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानड्यांसारखी मोठी माणसं बाहेर पडली, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. मला दोन्ही बाजू कळतात. आपली विधवा लेक विश्वासानं शाळेत धाडलेल्या आईबापांना धास्ती वाटणारच. पण स्वतःच्या खोलीत देवाचं नाव घ्यायला लपून बसणं रमाबाईंना जमणारं नव्हतं. त्यांनी दार उघडंच ठेवलं, आणि उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवलं.

दुसरीकडे त्या हिशेबाच्याही पक्क्या होत्या. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षं १८९८ मध्ये संपणार, हे त्यांना ठाऊक होतं. देव बघून घेईल म्हणून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. पुण्याच्या पुढे, दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी शंभरेक एकर माळरान घेतलं. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च भागावा, हा विचार.

१८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती भाविकांचा मेळावा होता. आपली कल्याणची गाडी कर्जत सोडून घाट चढली की लागतं तेच लोणावळा. श्रद्धेत आलेल्या पंधरा मुलींना घेऊन रमाबाई तिथे गेल्या होत्या. तिथल्या शांततेत त्यांनी देवाजवळ एक मागणं मागितलं. या पंधरांचे पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस होऊ देत! ज्यांच्या सदनातल्या मुली तीनच वर्षांपूर्वी लोकांनी हात धरून नेल्या, त्या बाईनं हे मागावं याला धाडस लागतं.

त्याच वर्षाच्या अखेरीला मध्य प्रांतात दुष्काळाचा वणवा पेटला. बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःचे झाडपाल्याचे दिवस आठवले. पैसा नव्हता, जागा नव्हती. त्या आधी प्रार्थनेला बसल्या आणि मग गाडीत बसल्या. दुष्काळी भागात स्वतः हिंडून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण विधवा गोळा केल्या. त्यांना पळवून नेऊन विकणारे दलालही तिथे घिरट्या घालत होते. पाहता पाहता तीनशेच्या आसपास जणी झाल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, एवढा जमाव शहरात ठेवायला सरकारनं मनाई केली. मग नेणार कुठे? केडगावच्या माळावर. तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढचं मुक्ती सदन.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रार्थना करणारी बाई म्हणजे सोसणारी, गप्प राहणारी, अशी आपली समजूत असते. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात बायकांचे हाल चालले होते. सदनातल्या एका मुलीला सरकारी इस्पितळात नेलं आणि तिचा पुढे पत्ताच लागला नाही. रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात सरकारवर उघड टीका करणारं पत्र लिहिलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं म्हणून जीभ आवरली नाही. त्या पत्राचे पडसाद थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले.

१८९८ मध्ये त्या अमेरिकेला जाऊन जुन्या मंडळींना दहा वर्षांचा हिशेब देऊन आल्या. नवी मंडळी उभी राहिली, पण आता ठरलेल्या रकमेची हमी नव्हती. आणि १९०० साली गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. पुन्हा मुली आणल्या. केडगावची माणसं दोन हजारांच्या घरात गेली. मैत्रिणींनो, जरा हिशेब मांडून बघा. दोन हजार माणसं, दोन वेळचं जेवण. धान्य, जळण, कपडे, औषधपाणी. आणि पुढच्या महिन्यात किती पैसे येतील, याचा पत्ता नाही. त्यातच पाऊस नाही. विहिरींच्या पाण्यावर सगळ्यांची नजर. आपल्याकडे दोन दिवस पाणीकपात जाहीर झाली तर आपण बादल्या, पिंपं, पातेलीसुद्धा भरून ठेवतो!

रमाबाई तिथे काय करत? पहाटे उठून प्रार्थना. काय हवंय ते देवापुढे नेमकं मांडायचं. धान्य, पाणी, आजारी मुलीचं नाव. मग उठायचं आणि नव्या विहिरी खणायला माणसं लावायची. मुलींना विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, गाईम्हशी, शेती, छापखाना असं काही ना काही शिकवायचं. फसलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन. अंधांसाठीही वेगळं सदन होतं आणि त्यांना ब्रेल शिकवायला मनोरमा स्वतः ती लिपी परदेशातून शिकून आली होती.

सगळं गोड झालं असं मात्र मुळीच नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी कित्येक इतक्या खंगलेल्या होत्या की आल्यावरही वाचल्या नाहीत. प्रार्थना सगळ्यांसाठीच झाली होती. रमाबाईंनी त्यांना माती दिली आणि उरलेल्यांच्या तोंडात घास घातला. श्रद्धा म्हणजे मागितलं ते मिळणारच अशी हमी, असं त्या मानत असत्या तर पहिल्याच महिन्यात खचल्या असत्या.

यावरून एक रात्र आठवते. माझ्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठाण्याच्या एका रुग्णालयात झाली, तेव्हा मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होते. शेजारी वसईकडच्या एक ख्रिस्ती मावशी होत्या, त्यांचा मुलगा आत. मी जागच्या जागी दगड झाले होते. नर्सनं काय सांगितलं तेही डोक्यात शिरत नव्हतं. मावशींनी जपमाळ काढली, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून ओठ हलवले. मग माळ पर्समध्ये ठेवली, पदर खोचला आणि नर्सला जाऊन औषधांची वेळ विचारून आल्या. कागदपत्रं तारखेप्रमाणे लावली. सुनेला दोन घास खायला लावले, आणि मलाही! त्यांचा मुलगा माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त आजारी होता. काळजी त्यांनाही होती, डोळ्यांत दिसत होती. पण तिला त्यांनी हातापायांत उतरू दिलं नाही. रमाबाईंचं चरित्र मी त्यानंतर नीट वाचलं आणि पानापानांवर मला त्या मावशी दिसल्या.

१९०५ साली मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाटच आली. आधी सत्तर जणी रोज एकत्र जमत होत्या, मग त्यांच्या शेकडो झाल्या. ओरडून, रडून प्रार्थना चालायची. देशविदेशांतून लोक पाहायला येत. काहींना ते आवडलं, काहींनी नाकं मुरडली. ज्या मुलींना घरातून, गावातून, नशिबातूनच हाकललं होतं, त्यांना पहिल्यांदा मोकळेपणी रडायला जागा मिळाली, असं मला ते वाचताना वाटलं.

याच काळात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचं! त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या एवढ्या पंडिता, पण सोप्या मराठीसाठी धडपडल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीच्या छापखान्यात त्यांच्याच मुली करत. ज्यांना अक्षर शिवू दिलं नव्हतं, त्यांच्या हातांनी ग्रंथ छापला जात होता.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. वय चाळीस. शिक्षिका, मदतनीस, आणि पुढे सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा ती एकुलती एक लेक. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. कान तर कधीचेच गेलेले, शरीर थकलेलं. या वेळी रमाबाईंच्या मनात काय झालं असेल, ते आपण आया म्हणून समजू शकतो. त्यांनी मुक्तीचा कारभार पुढे कुणी बघायचा याची नीट व्यवस्था लावली आणि बायबलची मुद्रितं पुन्हा हातात घेतली. शेवटी शेवटी, काम पुरं होण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले आणि ते मिळाले, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला केडगावला त्यांनी झोपेतच डोळे मिटले. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात छापून बाहेर पडलं. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. आणि मुक्ती मिशन आजही केडगावला निराधार बायका-मुलींना आसरा देतंय.

रमाबाईंसारखी दोन हजारांची पंगत आपल्याला वाढायची नाही. आपल्या काळज्या चार माणसांच्या. पण जीव तेवढाच जळतो, कारण ती आपली चार माणसं असतात. म्हणून आमच्या बचत गटात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे, माझ्या हातात नाही ते. उजवीकडे, माझ्या हातात आहे ते. एकीच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिनं डावीकडे कारखाना लिहिला आणि उजवीकडे पोळीभाजीचे डबे, मुलाच्या फीसाठी शाळेला अर्ज, नवऱ्याशी गोड बोलणं. डावी बाजू प्रत्येकीनं आपापल्या देवापुढे ठेवायची. कुणी विठ्ठलापुढे, कुणी येशूपुढे, कुणी नमाजाच्या वेळी. देव न मानणारी एक मैत्रीण आहे, ती टेकडीवर फिरायला जाते आणि तिथे ठेवून येते म्हणते! उजवी बाजू मात्र घेऊन घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक तरी काम करायचं.

कारखाना काही पुन्हा सुरू झाला नाही. पण डबे सुरू आहेत. परवाच्या बैठकीत तिनं सांगितलं, की रात्रीची झोप आता लागते, मधूनच जाग आली तर उद्याची भाजी ठरवते आणि पुन्हा झोपते. एवढं झालं तरी खूप झालं, नाही का?